तामदाची राखण

इद्दरदादाने घातलेली अट ऐकून आम्ही सगळे खूश झालो होतो, हे आधी सांगून टाकतो. पुढे जो तो म्हणायला लागला, "मला तेव्हाच शंका आली होती." कोणाला काही शंका आली नव्हती. मलाही नाही.

मे महिना संपत आला होता. सलग दुसऱ्या हिवाळ्यात बर्फ नावापुरतं पडलं होतं. गावाखालच्या उतारावर मेंढ्या काटेरी झुडपं ओरबाडत होत्या आणि त्यांचे ओठ रक्ताळत होते. साठवलेला कडबा एप्रिलमध्येच संपला होता. वर, दीड तासाच्या चढावर, तामदाचं कुरण मात्र हिरवंगार होतं. मधोमध तळं, तळ्याभोवती गुडघाभर गवत. ते आम्ही खालून रोज बघायचो आणि मेंढ्याही बघायच्या.

तामदा मार्च सरला की बंद होतं आणि जुलैच्या दहा तारखेला उघडतं. गवताला फुलोरा यायचा, बी भरायचं, बी जमिनीवर पडायचं, तोवर आत एक खूर टाकायचा नाही. बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी धूळ चारायची जनावरांना. हद्दीवर चुन्याने रंगवलेले एकशेचार दगड आहेत, आणि त्यांचा राखणदार इद्दरदादा. त्याच्याआधी त्याचा बाप होता, बापाआधी आजा. हद्द मोडणाऱ्याने सगळ्या गावकीला जेवण द्यायचं. त्याच्या कळपातली मेंढी राखणदार निवडतो, आणि निवडताना चांगलीच निवडतो. जेवणाआधी मोडणाऱ्याने स्वतः किटली आणि घंगाळ घेऊन प्रत्येकाच्या हातावर पाणी घालायचं, सगळ्यात शेवटी राखणदाराच्या हातावर. माझा एक बोकड एकदा आत शिरला होता, तेव्हा मीही घातलंय. मेंढी गेल्याचं दुःख महिनाभर टिकलं. पाणी घातल्याचं अजून आहे.

तर मेच्या शेवटी आमचा पुढारी बासू एका शहरी माणसाला घेऊन मशिदीच्या ओट्यावर आला. फैसल त्याचं नाव, मानाने सगळे सी फैसल म्हणायचे. वाईट माणूस नव्हता. चहा प्यायला, पुदिन्याची तारीफ केली, आमची बोलीही बऱ्यापैकी बोलायचा. म्हणाला, तामदावर दोन दिवसांचा महोत्सव करायचाय. तुमचा निसर्ग, तुमचा इतिहास, तुमच्या रीती, डोंगरातले खेळ, सगळं देशाला कळू दे.

"कधी?" इद्दरदादाने विचारलं.

"जूनच्या शेवटी. सत्तावीस, अठ्ठावीस."

"दहा जुलैला या ना. त्या दिवशी कुरण उघडतं. बघण्यासारखं असतं."

"पण दादा, तेव्हा फुलं नसतात."

"फुलं नसतात म्हणूनच उघडतं."

सी फैसल हसला आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं. बासू दादाच्या कानाशी लागला. "अरे, सरकारातल्या वरच्या साहेबांनी हो म्हटलंय. आपण नाही म्हटलं तरी व्हायचं ते होणारच. हो म्हणून पदरात काय पडतं ते बघ."

दादा बराच वेळ काठीने मातीत रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "माणसं येऊ देत. माणसाला खूर नसतात. पण जनावर एकही नाही. खेचर नाही, गाढव नाही. सामान दगडांपर्यंत जनावरावर आणा, पुढे पाठीवर न्या."

"कबूल!" सी फैसलने उठून त्याला मिठीच मारली. "हेच तर दाखवायचंय लोकांना."

घरी जाताना आम्ही हसून हसून बेजार झालो. शहरातली मऊ माणसं पाठीवर तंबू वाहणार! दादाने साहेबांना बरोबर कोंडीत पकडलं, असं माझा चुलता तीन वेळा म्हणाला.

पाठीवर वाहिलं ते आम्हीच. दादाचा मुलगा मूहा डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांबरोबर दोन खेचरं घेऊन फिरायचा, त्याला महोत्सवाने सामानाचं काम दिलं. खालच्या रस्त्यापासून दगडांपर्यंत खेचरं, दगडांपासून पुढे आम्ही. चाळीस तंबू, लोखंडी नळ्या, मंचाच्या फळ्या, खुर्च्या, शिवाय संडासाच्या चार खोल्या. आठ दिवसांत माझ्या खांद्याची साल निघाली. वीज बनवायचं यंत्र आठ जणांनी नळ्यांवर टाकून नेलं, तेव्हा दादाची बायको तुदा वाळत घातलेल्या लोकरीआडून ओरडली, "कोण वारलं रे?"

"वारलं नाही, वहिनी, अजून धूर सोडतंय," मी म्हणालो.

"मग खाली ठेवा, पाणी पाजा त्याला!"

त्याच तुदाला महोत्सवात माग लावून बसवायचं ठरलं. एक पोरगी येऊन तिला सांगून गेली की अंगातलं नायलॉनचं स्वेटर काढा आणि पायातल्या प्लास्टिकच्या चपलाही नकोत, खऱ्या वाटत नाहीत. तुदा आठवडाभर जो भेटेल त्याला सांगत होती, "माझी संस्कृती अनवाणी आहे म्हणे. पायाला चटके बसले तर ते पण संस्कृतीतच धरायचे." हसायची, पण मागावर बसताना तिने चपला खरंच मागे लपवल्या.

दादाला कॅमेऱ्यासमोर दगडाला चुना लावायला सांगितलं. एकच दगड त्याने चार वेळा रंगवला. ऊन एकदा डावीकडून हवं होतं, एकदा उजवीकडून. चौथ्यांदा तो म्हणाला, "बाकीचे एकशेतीन राहिलेत," तर कॅमेरेवाले म्हणाले, "ते पुरे, दादा." त्याने मात्र संध्याकाळपर्यंत सगळे रंगवले, एकट्याने. कंबर धरून खाली उतरताना मी त्याला पाहिलं.

शनिवारी सकाळी तीनशे माणसं वर आली. मोठ्या फलकावर तामदाचं चित्र होतं आणि खाली 'पूर्वजांचं शहाणपण' असं लिहिलं होतं. कोणी कापडी पंख बांधून कड्यावरून उडत होतं. कोणी दगडावर कोरलेल्या जुन्या बैलांवर पाणी शिंपडून फोटो काढत होतं. दहा-बारा पोरं सायकली खांद्यावर घेऊन हद्द ओलांडून आली आणि आत आल्यावर त्यांनी त्या चालवायला घेतल्या. तळ्याकाठच्या ओल्या गवतात काळ्या चाकोऱ्या पडल्या. दादा धावत गेला.

"सायकलीला खूर नसतात, काका," एक पोरगा गोड हसून म्हणाला. त्याला कोणीतरी अट सांगितली असणार.

शब्द दादाचेच होते. तो परत दगडांपाशी येऊन उभा राहिला.

दुपारच्या नमाजाच्या जरा आधी राबात शहरातली एक म्हातारी शिक्षिका तळ्याच्या दगडावरून घसरली. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. चौघांनी तिला फळीवर उचललं, पण दोन पावलांत ती अशी किंचाळली की त्यांनी पुन्हा खाली ठेवली. मूहा पळत हद्दीबाहेर आला आणि त्याने शांत स्वभावाचं करडं खेचर सोडलं. दगडांपाशी बाप उभा होता.

"बाबा, बाजूला हो."

"सहा जण लागा. हळू उचला."

"उचलून झालं. तिची शुद्ध हरपतेय, बाबा. मी तिला खोगिरावर पुढ्यात धरून बसतो. दुसरा उपाय नाही."

दादाने डोक्याचं पागोटं सोडलं. आम्हाला कळेना काय करतोय. त्याने ते टराटरा फाडलं, खाली बसला आणि खेचराचा एक-एक पाय उचलून खुरावर फडकं बांधलं. चारही पाय. गाठी नीट बसेनात, त्या मूहाने आवळल्या.

"तुला माहितेय ना याचं काय होतं?" दादा म्हणाला.

"माहितेय, बाबा."

"जा मग."

खेचर आत गेलं, बाईला घेऊन परत आलं. येताना त्याने मान वाकवून गवताचा एक भलामोठा घास उपटला आणि चावत चावत हद्दीबाहेर पडलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बाई वाचली. खाली उभ्या गाडीत बसवताना बाईने मूहाचा हात डोळ्यांना लावला.

दादा आमच्याकडे वळला. डोक्यावर काही नव्हतं, टक्कल उन्हात लाल झालं होतं. "मंगळवारी माझ्याकडे जेवण," तो म्हणाला.

"दादा, जीव वाचवायला गेला पोरगा," मी म्हणालो. "हे कोण धरतंय?"

"माझ्या बापाने धरलं होतं. माझ्या चुलत्याने अडलेल्या बाईला आणायला गाढव घातलं होतं आत. बाई वाचली, पोर वाचलं, आणि चुलत्याने पाणी घातलं." मग हळूच म्हणाला, "माझंच सोडलं तर उद्या तुमचं कोणत्या तोंडाने धरू?"

एवढ्यावर थांबलं असतं तर आजही मी हे अभिमानाने सांगितलं असतं.

तासाभराने पलीकडच्या खिंडीतून घोडे आले. तीस घोडे, जरीची खोगिरं, पांढऱ्या कपड्यांतले स्वार, हातात लांब बंदुका. सपाटीवरच्या कोणा बड्या माणसाने साहेबांच्या मानासाठी पाठवलेले. त्या बाजूलाही दगड आहेत, पण तिथे कोणी उभं नव्हतं. तळ्याजवळच्या सपाट गवतात ते रांग धरून उधळले, बंदुकांचा एकच बार झाला, लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. घोड्यांच्या मागे मातीची ढेकळं मुळांसकट उडत होती. पाच फेऱ्या झाल्या. मग लगाम काढून लांब दोरांवर घोडे चरायला सोडले.

सी फैसलचा चेहरा उतरला होता. "शपथ घेऊन सांगतो, दादा, मला माहीत नव्हतं. हे वरून आलंय."

"तू कबूल म्हणाला होतास."

"मी कोण, दादा? मला तरी कोण विचारतं?"

दादा मंचाकडे निघाला. मी त्याच्या मागे होतो, खोटं कशाला सांगू, मंचाच्या पायऱ्यांपर्यंतच. मोठे साहेब पहिल्या रांगेत गालिच्यावर बसले होते. दादा त्यांच्यासमोर उभा राहिला आणि गावकीत बोलतो तशा मोठ्या आवाजात आमच्या बोलीत म्हणाला, "तामदा मोडलंय. तीस घोडे आत आहेत. मोडणाऱ्याने गावकीला जेवण द्यायचं, आणि माझ्यासमोर हातावर पाणी घालायचं. रीत आहे."

माइकवाल्या पोरीने सी फैसलकडे बघितलं. त्याने खाली मान घालून ते अरबीत सांगितलं. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. तीनशे माणसांना वाटलं, कार्यक्रमच आहे. सगळे फोन वर झाले.

साहेब खूश होऊन उठले. "वा! अशी माणसं आहेत म्हणून डोंगर टिकलेत. जेवण ना? बारा मेंढ्या शिजताहेत, काका. सगळं गाव येऊ दे!"

"तसं नाही," दादा म्हणाला. "पाणी घालायचं असतं."

"घालतो की!" साहेबांनी टेबलावरची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि हसत हसत दादाच्या हातांवर पाणी ओतलं. दादाने हात पुढे केले नव्हते. एका पोराने त्याची मनगटं प्रेमाने धरून पुढे केली होती. बाटली रिकामी होईपर्यंत फोटो निघाले. मग काचेत बसवलेलं एक मानपत्र त्याच्या ओल्या हातात दिलं. तो ते छातीशी धरून पायऱ्या उतरला. खाली मी होतो, बासू होता, गावातले वीसेक जण होते. कोणीही त्याच्याकडे बघितलं नाही.

रविवारी सकाळी उजाडायच्या बेताला आम्ही सगळे आपापले कळप घेऊन दगडांपाशी गेलो. कोणी ठरवलं नव्हतं. माझी एक मेंढी चढावर दोनदा बसली, तिला शेपटीला धरून उठवावं लागलं. दादा दगडांच्या रांगेत उभा होता. बहुधा आम्ही येणार हे त्याला माहीत होतं.

"बारा दिवस," तो म्हणाला. "बी अजून दुधात आहे. फक्त बारा दिवस द्या मला."

"घोड्यांना सांग की बारा दिवस," मागून कोणीतरी ओरडलं.

"घोडे आज जातील. तुम्ही इथेच राहणार आहात."

"अरे, त्यांच्या पायाखाली निम्मं गेलं, उरलेलं आमच्या जनावरांच्या पोटात जाऊ दे," माझा चुलता म्हणाला. हाच चुलता महिन्यापूर्वी दादाच्या हुशारीवर हसून लोळला होता.

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्या शेजारचा, त्याच्या मुलाला खांद्यावर खेळवलेला. "हद्दू, तू तरी."

मला काय बोलायचं ते ठाऊक होतं. रात्रभर तेच घोकलं होतं, की दादा म्हणतो ते बरोबर आहे, आपण थांबू या. तोंडातून निघालं ते वेगळंच. "माझ्या मेंढ्या बारा दिवस उभ्या राहणार नाहीत, दादा."

त्याने काठी आडवी धरली, जमिनीपासून वीतभर. माझी तीच मेंढी, जी चढावर बसली होती, पुढे झाली आणि तिने काठीवरून पाय टाकला. त्याने काठी उचलली नाही. मग सगळेच शिरले. एक्केचाळीस घरांचे कळप एकदम आत घुसले तेव्हा तंबूंतून माणसं बाहेर आली आणि आनंदाने ओरडायला लागली. कुरण उघडण्याचा सोहळा पाहायला मिळाला म्हणून एकजण माझे आभार मानून गेला.

मंगळवारी आम्ही दादाच्या घरी जेवायला गेलो. न जाणं म्हणजे त्याहून मोठा अपमान. आता मोडणारे आम्ही सगळेच होतो, पण एक्केचाळीस घरांनी कोणाला जेवण घालायचं आणि खायला कोण उरलं होतं? बासू म्हणाला, "जे आधी ठरलंय ते तरी होऊ दे."

दादाने तुदाची दुभती, डोळ्यांभोवती काळं असलेली मेंढी कापली होती. सकाळी त्यांच्या दारातून जाताना मी बोलणं ऐकलं होतं.

"ती म्हातारी घ्या ना," तुदा म्हणत होती. "तिचे दातही पडलेत."

"राखणदार चांगलीच निवडतो."

"आता कसले राखणदार तुम्ही?"

मग तिनेच सुरी धुऊन आणून दिली.

आम्ही भिंतीला टेकून बसलो. मूहा किटली आणि घंगाळ घेऊन उभा राहिला, कारण खेचर त्याचं होतं. दादाने त्याच्या हातातून किटली काढून घेतली.

"बाबा, माझं काम आहे ते."

"खूर म्हणालो मी. खुरांचंच तेवढं बोललो." एवढंच म्हणाला आणि दारापासून सुरुवात केली. सवय नव्हती, तरी घाई न करता घालत होता. धार बारीक, मग फडकं पुढे. बासूने डोळे मिटून हात धुतले. चुलत्याने घंगाळात बघत धुतले. माझ्यापाशी आला तेव्हा मी हात मागे घेतले.

"धर, हद्दू," तो म्हणाला. "पाणी गार होतंय."

मी हात पुढे केले. पाणी कोमट होतं, तुदाने तापवलं असणार.

असा तो फिरत फिरत शेवटपर्यंत गेला. शेवटी चुलीशेजारची भिंतीकडची जागा, राखणदाराची. तिथे मेंढीचं कातडं रीतीप्रमाणे अंथरलेलं होतं. दादा त्या रिकाम्या जागेसमोर किटली घेऊन वाकला, आणि मग तसाच थांबला. मूहा उठायला लागला, तुदाने त्याला हाताने बसवलं. दादाने सरळ होऊन दाराबाहेर पुदिन्याच्या वाफ्यात उरलेलं पाणी ओतलं, किटली कोनाड्यात ठेवली आणि आमच्यात येऊन दाराजवळ बसला.

"बिस्मिल्ला करा," तो म्हणाला.

वाफवलेल्या कण्यांचा, कुसकुसचा डोंगर मध्ये होता, त्यावर सगळी मेंढी. मांस चांगलं शिजलं होतं. आम्ही काही उरू दिलं नाही.